न्यूट्रॉन दिसले, पण आग कशाची होती?

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोलत होतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे म्हणायचं, हा नैयायिकांचा नेहमीचा दाखला. आज तो आपण विज्ञानातल्या एका खऱ्या प्रसंगाला लावून बघू. पनवेलहून खाडी ओलांडली की ट्रॉम्बे, त्यामुळे विषय तसा शेजारचाच आहे.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेची परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. त्यांनी भाकीत केलं की येत्या वीस वर्षांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची रीत सापडेल. आज सत्तर वर्षं झाली. भाभा चुकले म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण अडलं कुठे ते बघूया.

संमीलन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र येणं. दोन्ही धनभारित, म्हणून एकमेकांना लोटतात. ती जवळ यायची तर वायू कोट्यवधी अंश तापवायला हवा. मग त्याचा प्लाझ्मा होतो. तो ठेवायचा कशात? भिंतीला लागला की थंड पडतो. इथे ‘पिंच’ची कल्पना येते. शेजारच्या दोन तारांतून एकाच दिशेनं वीज गेली की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, हे आपण शाळेत शिकलो. प्लाझ्मातून प्रचंड प्रवाह सोडला की त्याचंच चुंबकीय क्षेत्र त्याला चिमटीत धरतं, आवळतं, तापवतं. वेगळं भांडंच नको!

पण ही चिमूट टिकत नाही. प्लाझ्मा एखाद्या जागी जरा बारीक झाला की तिथलं क्षेत्र वाढतं, तो आणखी बारीक होतो आणि तुटतो. जरा वाकला, की आणखी वाकतो.

इंग्लंडमध्ये हार्वेलला ‘झीटा’ नावाचं मेदूवड्याच्या आकाराचं यंत्र होतं. त्यातून न्यूट्रॉन निघाले आणि जानेवारी १९५८ मध्ये ते जाहीर झालं. ते उष्णतेनं झालेल्या संमीलनाचेच आहेत याची आपल्याला नव्वद टक्के खात्री आहे, असं जॉन कॉकक्रॉफ्ट म्हणाले. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग बेसिल रोझ यांनी प्रवाहाची दिशा उलटवून न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजली. सगळा प्लाझ्मा खरोखर तापला असता तर दिशेनं फरक पडायला नको होता. पडला! काही थोडे कण अस्थिरतेतल्या विजेच्या झटक्यानं वेगात पळत होते, न्यूट्रॉन त्यांचे. मे महिन्यात दावा मागे घेतला गेला.

नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. जी खूण साध्य असताना दिसते आणि नसतानाही दिसते, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. धूर समजलो, ती धूळ निघाली.

म्हणजे पिंच वाया गेला का? नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘प्लाझ्मा फोकस’ नावाची याच जातीची यंत्रं न्यूट्रॉनांचा स्रोत म्हणून विकसित झाली. ज्या न्यूट्रॉनांनी फसवलं, तेच इथे कामाला आले.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेसरनं संमीलन घडवलं. ही वाट पिंचची नव्हे. २.०५ मेगाजूल लेसर आत, ३.१५ मेगाजूल बाहेर. हे खरं यश. पण तो लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाजूल वीज लागली होती.

तेव्हा अशी बातमी वाचली की आपण दोन प्रश्न विचारायचे. ही खूण दुसऱ्या कशानं दिसू शकते का? आणि हिशेब कुठून कुठपर्यंत धरलाय? भाभांच्या आशेला नावं न ठेवताही हे विचारता येतं. किंबहुना त्या आशेसाठीच विचारायला हवं.