मालक बदलले, बिल्ड अडले: क्रॅशलिटिक्सची वाटचाल

अ‍ॅप उघडावे आणि ते तिथेच कोसळावे, यात नवल काही नाही. पण नीट पाहिल्यावर कोसळण्याची नोंद ठेवणारे साधनच गुन्हेगार निघावे? 2020 मध्ये अँड्रॉइडवर काम करणाऱ्या असंख्य डेव्हलपरांच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत एकच तक्रार झळकत होती: क्रॅशलिटिक्सचा बिल्ड आयडी सापडत नाही, बिल्डच्या मांडणीत क्रॅशलिटिक्सची साधनेच नाहीत. कोड बरोबर, लायब्ररी जागेवर, तरी अ‍ॅप पहिल्याच पावलाला खाली. या संदेशामागे जवळपास दहा वर्षांची खरेदी-विक्री होती.

क्रॅशलिटिक्स सुरू झाले 2011 मध्ये, अमेरिकेत बोस्टन परिसरात. संस्थापक दोघे, वेन चांग आणि जेफ सायबर्ट. अ‍ॅप स्टोअर तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते. लोकांच्या फोनवर अ‍ॅप कोणत्या ओळीवर कोसळले हे कळण्याचे सोयीचे साधन फारसे नव्हते, त्यामुळे ही सेवा झपाट्याने पसरली. जानेवारी 2013 मध्ये ट्विटरने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर 2014 मध्ये ‘फॅब्रिक’ या आपल्या डेव्हलपर-संचात गुंफली. फॅब्रिकचे सेटअप तसे लाडाचे होते. अँड्रॉइड स्टुडिओत प्लगिन टाकायचे, दोन-चार क्लिक करायचे, की लागणाऱ्या ओळी आपोआप फायलींत उमटायच्या. बिनसायचे ते बहुधा कळीपाशी. मॅनिफेस्टमधली एपीआय की चुकली किंवा राहूनच गेली, की अ‍ॅप ‘अवैध की’ म्हणत सुरू होतानाच मान टाकायचे. ती की जागेवर ठेवली, की काम भागायचे.

खरा गुंता जानेवारी 2017 नंतरचा. गूगलने ट्विटरकडून फॅब्रिक घेतले, तेव्हा गूगलच्या घरात फायरबेस या डेव्हलपर-मंचाचे स्वतःचे क्रॅश रिपोर्टिंग आधीच होते. 2016 मध्ये मोठ्या थाटात आणलेले. घरचे आणि विकतचे अशा दोन साधनांत गूगलने विकतचे निवडले आणि घरचे सप्टेंबर 2018 मध्ये बंद केले. निर्णय शहाणपणाचा होता, कारण क्रॅशलिटिक्स खरोखरच सरस होते. मात्र पाटी फायरबेसची लागली तरी आतले यंत्र फॅब्रिकचेच राहिले. त्या दोन-तीन वर्षांतल्या कोणत्याही प्रकल्पाची ग्रेडल फाइल उघडली, तर गूगलची लायब्ररी, फॅब्रिकचे प्लगिन आणि फॅब्रिकचे मेव्हन भांडार एकमेकांशेजारी नांदताना दिसायचे. नवशिक्याने यातली कोणती ओळ जुनी आणि कोणती कामाची, हे ओळखायचे तरी कसे?

त्यात भर पडली गूगल-सर्व्हिसेसच्या जेसन फाइलची. ही फाइल अ‍ॅपच्या मॉड्यूलमध्ये हवी. प्रकल्पाच्या मुळाशी टाकली तर बिल्ड ‘फाइल नाही’ म्हणून अडते. ती योग्य जागी असली तरी दुसरी तक्रार येऊ शकते: या पॅकेज नावाचा क्लायंट सापडला नाही. चाचणीचे अ‍ॅप वेगळे राहावे म्हणून पुष्कळ जण डिबग बिल्डच्या नावामागे ‘.डिबग’ असे शेपूट लावतात. फायरबेसच्या कन्सोलवर त्या शेपटासकट नाव नोंदवलेलेच नसते. इलाज सोपा आहे. दुसरे नाव कन्सोलवर नोंदवायचे आणि नवी फाइल उतरवून घ्यायची. पण संदेश ‘क्लायंट’चा आणि चूक नावाची, हे उमगेपर्यंत वेळ जातो.

मग आले 2020. फॅब्रिक बंद होण्याची मुदत पुढे सरकत सरकत अखेर 4 मे रोजी संपली. जुन्या एसडीकेकडून येणारे अहवाल त्या वर्षी 15 नोव्हेंबरपर्यंतच स्वीकारले गेले. फॅब्रिकच्या प्लगिनच्या जागी गूगलने फायरबेस क्रॅशलिटिक्सचे नवे प्लगिन दिले. सुरुवातीला सांगितलेली तांबडी तक्रार इथलीच. घाईत अनेकांनी फॅब्रिकच्या ओळी काढल्या आणि लायब्ररीची आवृत्ती वाढवली, पण नवे प्लगिन लावायचे राहिले. प्रत्येक बिल्डला ओळखक्रमांक देण्याचे काम त्या प्लगिनचे. तेच नसेल तर क्रमांक येणार कुठून? मुख्य बिल्ड फाइलीत प्लगिनची आवृत्ती आणि अ‍ॅपच्या मॉड्यूलमध्ये त्याचे नाव, एवढ्या दोन ओळींनी हा प्रश्न सुटत होता. काही बहाद्दरांनी मात्र रिसोर्स फाइलीत हाताने खोटा बिल्ड आयडी लिहून टाकला. तक्रार गप्प झाली, अ‍ॅप चालू लागले. पण आखडलेली नावे मूळ नावांशी जुळवणाऱ्या खऱ्या मॅपिंग फाइलीची जोड खोट्या क्रमांकाला कोण देणार? अशा अ‍ॅपचे अहवाल आले तरी वाचता येणे कठीणच.

योगायोग असा, की फॅब्रिकला कुलूप लागल्यावर दोनच दिवसांनी, 6 मे 2020 रोजी, स्पॉटिफाय आणि टिंडरसारखी नामांकित आयफोन अ‍ॅप्स उघडताक्षणी कोसळू लागली. या अ‍ॅप्समध्ये फेसबुकचे एसडीके होते. फेसबुकने आपल्या सर्व्हरवर बदल केला आणि एसडीकेला अपेक्षित नसलेला डेटा मिळाला. अ‍ॅप्सच्या मालकांनी एक अक्षरही बदलले नव्हते. त्याच वर्षी जुलैत असाच प्रकार पुन्हा घडला. क्रॅश रिपोर्टिंग नीट जोडलेल्यांना अशा वेळी दोष आपला नाही एवढे तरी लवकर कळते.

आयफोनच्या बाजूला त्रासाचा सूर वेगळा. तिथे बहुधा बिल्ड अडत नाही, अ‍ॅप कोसळत नाही, फक्त कन्सोलवर डीसिम फाइल नाही अशी नोंद पडून राहते. डीसिम म्हणजे यंत्राच्या पत्त्यांचे पुन्हा फंक्शनांच्या नावांत रूपांतर करणारी फाइल. 2015 मध्ये अ‍ॅपलने बिटकोड आणला. त्यात अ‍ॅप अ‍ॅपलच्या सर्व्हरवर पुन्हा कंपाइल होई, त्यामुळे डेव्हलपरच्या संगणकावरची डीसिम जुळेना. ती अ‍ॅपलकडून उतरवून क्रॅशलिटिक्सकडे चढवण्याची कसरत सात वर्षे चालली. 2022 मध्ये एक्सकोड 14 ने बिटकोड मोडीत काढला. लगेच पुढच्या वर्षी एक्सकोड 15 ने नव्या प्रकल्पांत स्क्रिप्टवर कुंपण घातले. डीसिम चढवणाऱ्या स्क्रिप्टला लागणाऱ्या फायली इनपुट यादीत लिहिलेल्या नसतील, तर तिला त्या वाचताच येत नाहीत. शिवाय ही स्क्रिप्ट बिल्डच्या टप्प्यांत शेवटी हवी. अ‍ॅपलला यात दोष देणे सोपे आहे, पण कुंपण सुरक्षेसाठी आहे आणि ते योग्यच आहे.

अँड्रॉइडचा मूक दोष कोड आखडणाऱ्या आर-8 या साधनाचा. एप्रिल 2019 पासून तो अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगिनमध्ये मूळचाच झाला. नावे आखडून तो ‘ए’, ‘बी’, ‘सी’ करतो, आणि मॅपिंग फाइल चढली नसेल तर अहवालात तीच अक्षरे दिसतात. डिबग बिल्ड वेगाने व्हावे म्हणून मॅपिंग चढवणे बंद करण्याची सोय आहे. ती रिलीझलाही लागू राहिली, की महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. आरडाओरडा करून अडणारे बिल्ड यापेक्षा शंभर पटींनी बरे.

मालक बदलण्याची ही गोष्ट एकट्या क्रॅशलिटिक्सची नाही. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये जर्मनीतले हॉकीअ‍ॅप हे तसलेच साधन घेतले, 2019 मध्ये ते बंद करून लोकांना आपल्या अ‍ॅप सेंटरकडे वळवले, आणि 31 मार्च 2025 रोजी अ‍ॅप सेंटरच्या बहुतेक सेवाही निवृत्त केल्या. त्या वाटेने गेलेल्यांनी सेटअप दोनदा बदलले.

साधन कोणतेही असो, गूगल प्लेवर रोजच्या वापरकर्त्यांपैकी 1.09 टक्क्यांहून अधिक लोकांना क्रॅश जाणवला, तर अ‍ॅपची शोधातली दृश्यमानता घटू शकते. म्हणून रिलीझ बिल्डमध्ये एकदा मुद्दाम क्रॅश घडवून पाहावा. आयफोनवर त्या वेळी एक्सकोडचा डिबगर जोडलेला नसावा, नाहीतर तो क्रॅश मधेच अडवतो. नंतर अ‍ॅप पुन्हा उघडावे, कारण साधारणपणे अहवाल पुढच्या वेळी अ‍ॅप उघडल्यावर जातो. कन्सोलवर फंक्शनचे नाव आणि ओळीचा क्रमांक नीट वाचता आला, तरच सेटअप पूर्ण झाले असे समजावे.