पोर्ट टॅलबट: कोळशाकडून विजेकडे

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट टॅलबट येथे टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझवण्यात आली आणि ब्रिटनमधील कोळशावर चालणारे अखेरचे वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, हेही नेमके त्याच दिवशी बंद पडले. या दोन घटनांना जोडणारा दुवा केवळ तारखेचा नाही, कारण पोलाद विजेवर वितळवायचे ठरले की त्याची स्वच्छता ती वीज कशापासून तयार होते यावर ठरू लागते.

झोतभट्टीत लोहखनिज, कोक व चुनखडी वरून भरतात आणि खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोक, म्हणजे हवाबंद भाजलेला दगडी कोळसा, येथे केवळ इंधन नसतो. त्यापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. टनभर पोलादामागे या वायूचे सुमारे दोन टन उत्सर्जन होते ते प्रामुख्याने या प्रक्रियेमुळेच, त्यामुळे भट्टीत किरकोळ सुधारणा करून ते फारसे घटत नाही. पोर्ट टॅलबटला तिच्या जागी येणाऱ्या विद्युत प्रज्योत भट्टीत, जिला कारखान्यात ‘आर्क फर्नेस’ म्हणतात, ग्रॅफाइटच्या जाड कांबा आणि मोडीचे लोखंड यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटते व भंगार वितळते. त्या लोखंडातील ऑक्सिजन पूर्वीच कधीतरी काढलेला असल्याने टनामागे साधारण ४०० ते ५०० युनिट विजेत काम भागते.

खरी अडचण भंगाराचीच आहे. मोडीत निघालेल्या मोटारीत तांब्याच्या तारा राहून गेल्या, तर ते तांबे पोलादात कायमचे मिसळते. तांब्याआधी लोखंडच ऑक्सिजनशी संयोग पावत असल्यामुळे ते जाळून मळीत काढता येत नाही. असे पोलाद तापवून लाटताना पृष्ठभागावरील लोखंडाची खपली बनते, तिच्याखाली साचलेले तांबे वितळून कणांच्या सांध्यांत शिरते आणि पत्र्याला तडे जातात. बांधकामाच्या सळईला ०.४ टक्क्यांपर्यंत तांबे चालून जाते, पण मोटारीच्या खोल साच्यात दाबायच्या पत्र्याला ०.०६ टक्केही जास्त होते, आणि पोर्ट टॅलबटची ओळख अशा पत्र्याचीच आहे. ब्रिटन आपले बहुतेक भंगार निर्यात करतो. ते देशात ठेवून नीट निवडणे हे भट्टी उभारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जालन्यातील इंडक्शन भट्ट्याही भंगार वितळवून सळया बनवतात, मात्र त्यांना मिळणारी वीज अद्याप बहुतांश कोळशाची आहे.

पोर्ट टॅलबटची भट्टी विझली त्याच सप्टेंबरात टाटा स्टीलनेच ओडिशातील कलिंगनगर येथे ५,८७० घनमीटर आकारमानाची, देशातील सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू केली. हा विरोधाभास वाटला, तरी त्यामागे कारण आहे: पोलाद अनेक दशके वापरात राहते, आणि भारताने ते मोठ्या प्रमाणावर वापरायला उशिरा सुरुवात केल्याने पुरेसे भंगार येथे अजून साठलेलेच नाही. तथापि हवामानाच्या हिशेबात देशाची सीमा येत नाही, आणि ही नवी भट्टी पुढील अनेक वर्षे कोळसाच मागत राहील.

पोर्ट टॅलबटच्या प्रकल्पाचा खर्च १२५ कोटी पौंड असून त्यातील ५० कोटी ब्रिटिश सरकारचे आहेत. वर्षाला सुमारे ३० लाख टन क्षमतेच्या भट्टीचे बांधकाम जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. तिच्यातून पोलाद २०२७ च्या अखेरीस किंवा २०२८ मध्ये अपेक्षित आहे. मधल्या काळात आयात केलेले पोलादाचे जाड ठोकळे तेथे लाटले जातात, म्हणजे त्यांचे उत्सर्जन तूर्त दुसऱ्या देशांत होते. नवी भट्टी पेटेपर्यंत एक झोतभट्टी चालू ठेवावी, अशी कामगार संघटनांची मागणी होती. ती तोट्याच्या कारणास्तव मान्य झाली नाही आणि ब्रिटनमधील सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गदा आली. तंत्राची निवड योग्य होती, परंतु संक्रमणाचा भार ज्यांच्यावर पडला त्यांना त्यासाठी पुरेसा अवधी दिला गेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.