सर्किट बोर्डाच्या पॅनलचे गणित

रिमोट किंवा चार्जरमधील सर्किट बोर्ड तळहातापेक्षा लहान असतो. मात्र कारखान्यात तो सहसा एकटा तयार होत नाही. अनेक बोर्ड एकत्र जोडलेले ठेवून त्यांवर सुटे भाग बसवतात व शेवटी ते वेगळे करतात. या जोडसमूहाला ‘पॅनल’ म्हणतात. त्याची आखणी चुकली, तर उत्तम रचनेचा बोर्डही महाग पडतो.

पॅनलच्या आकाराला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहेत. भाग बसवणाऱ्या यंत्राचा पट्टा पॅनलला समोरासमोरच्या दोन कडांनी धरतो. म्हणून तेथे साधारण ५ मिमी रुंदीच्या मोकळ्या पट्ट्या सोडतात. सुमारे ५० मिमीपेक्षा लहान तुकडा बहुतेक यंत्रांना पेलत नाही. उलट, पॅनल फार मोठे व पातळ असेल, तर ते भट्टीत मधोमध झुकते. शिसेविरहित सोल्डरसाठी तापमान सुमारे २४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तर नेहमीचा काच-इपॉक्सी बोर्ड १३० ते १४० अंशांनंतरच नरम होऊ लागतो.

खरा हिशेब मूळ तक्त्यावर ठरतो. प्रचलित तक्ता ४५७ × ६१० मिमीचा असतो. चारही बाजूंनी २० मिमी सोडल्यास ४१७ × ५७० मिमी जागा उरते. समजा, बोर्ड ४० × ३० मिमीचा आहे. पाच स्तंभ व सहा ओळी घेतल्यास पट्ट्यांसह पॅनल २०० × १९० मिमीचे होते व त्यात ३० बोर्ड बसतात. मात्र अशी तीन पॅनल लांबीत ठेवताना, मधल्या २ मिमीच्या दोन फटींसह, ५७४ मिमी लागतात. केवळ ४ मिमी कमी पडल्याने तक्त्यावर चारच पॅनल, म्हणजे १२० बोर्ड मावतात. एक ओळ कमी केली, तर पॅनलमध्ये २५च बोर्ड राहतात; पण तक्त्यावर सहा पॅनल बसून १५० बोर्ड मिळतात.

बोर्ड वेगळे करण्याची पद्धतही आधीच ठरवावी लागते. ‘व्ही’ आकाराची खाच जागा वाचवते. पण ती सरळ रेषेतच पडते. वक्र कडांसाठी छिद्रांच्या छोट्या जोडपट्ट्या ठेवतात. तोडताना बोर्ड वाकतो. त्यामुळे रेषेलगतच्या सिरॅमिक कपॅसिटरला न दिसणारी भेग पडू शकते. असे भाग रेषेपासून दूर, निदान तिला समांतर असावेत.

म्हणूनच आखणी पक्की करण्यापूर्वी बोर्ड बनवणारा व भाग बसवणारा, या दोघांच्याही मर्यादा लेखी मागवून घेणे हिताचे ठरते.