मजुरी कशाची, पार्ट कशाचा

गाडीच्या दुरुस्तीत मजुरी किती आणि पार्टचे किती, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात गेले. दरांच्या याद्या मिळाल्या. पण मन रमलं ते जवळच्या एका गॅरेजात, एका मिस्त्रींच्या हातांकडे बघण्यात.

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून तेल टपकत होतं. मिस्त्रींनी थेंब बोटांवर चोळला, वास घेतला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो. इथे तो नव्हता आणि तेल काळं होतं, म्हणजे इंजिनाचं. अशा वेळी पहिला संशय क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवर जातो. हे सील म्हणजे रबराचं स्वस्त कडं. पण तिथवर पोचायला ॲक्सल, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. पार्ट किरकोळ, मजुरी दिवसभराची. ग्राहक चिडतो तो इथेच. मजुरी पार्टच्या किमतीवर ठरत नाही, पार्टपर्यंत पोचायला काय काय खोलावं लागतं त्यावर ठरते. म्हणून गिअरबॉक्स उतरलाच आहे तर झिजलेला क्लच सेटही बदलून घ्या, असं मिस्त्री म्हणतात तेव्हा ते ऐकावं. तीच मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

या मिस्त्रींनी मात्र आधी बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात इंजिनाची मागची बाजू पाहिली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. तेल तिथून ओघळून खाली साचत होतं. पॅकिंग बदललं, इंजिन पुसलं, गाडी फिरवून आणली, पुन्हा खाली वाकून पाहिलं. सगळं कोरडं. गिअरबॉक्सला हात लावावाच लागला नाही.

बिलात दोनच ओळी आल्या: पॅकिंग आणि ते बसवण्याची मजुरी. दोष शोधण्याचे पैसे कुठेच नाहीत, आणि मला हा उघड अन्याय वाटतो.

“तपासणीचे वेगळे का लावत नाही?” मी विचारलं.

“लावले तर गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघितलंत, केलंत काय?”

मग गॅरेजला ती कसर पार्टवरच्या नफ्यातून भरून काढावी लागते. अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलणारा जास्त कमावतो, नेमकं निदान करणारा कमी.

पुढचं चित्र मला काळजीत टाकतं. पूर्वी सस्पेन्शनचा नुसता बुश बदलायचे. आता अनेक गाड्यांना अख्खा लोअर आर्मच घ्यावा लागतो. बसवणं सोपं, मजुरी कमी, पार्टचं बिल मोठं. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या. सप्टेंबर २०२५पासून पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, मजुरीइतकाच. तेवढा दिलासा आहे. पण नव्या गाड्यांतले काही इलेक्ट्रॉनिक पार्ट बसवून भागत नाही, त्यांची नोंद स्कॅनरवरून गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावी लागते, आणि ती सोय छोट्या गॅरेजकडे बहुधा नसते.

या मिस्त्रींनी साधा स्कॅनर घेतलाय. स्कॅनिंगचे पैसे लोक कुरकुर न करता देतात. पण पडद्यावरचा कोड कुठल्या सेन्सरची तक्रार आहे एवढंच सांगतो. सेन्सर गेलाय, वायर तुटलीय की कनेक्टर गंजलाय, हे मिस्त्रींनाच हुडकावं लागतं, आणि त्या हुडकण्याचे पैसे बिलात अजूनही येत नाहीत.