पडू नये म्हणून ताई ची

ओल्या मोरीत किंवा जिन्यावर आजी घसरली आणि खुब्याचे हाड मोडले, की ती अंथरुणाला खिळते. शिवाय घरातल्या एकाची रोजी बुडते. पुष्कळदा कारण साधे असते: पाऊल नीट टेकण्याआधीच अंगाचा भार त्यावर पडतो.

ताई ची हा चिनी युद्धकलेतून आलेला संथ व्यायाम नेमके हेच सुधारतो. त्याने म्हाताऱ्यांचे पडणे कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. १९५६ साली चीनमध्ये त्याचा २४ हालचालींचा सोपा संच तयार झाला. पण तेवढे पाठ करायची गरज नाही.

भिंतीला हात लागेल असे उभे राहा. पायांत खांद्यांएवढे अंतर, गुडघे किंचित सैल. सगळा भार हळूहळू उजव्या पायावर न्या, मग डावा उचला. अंग हेलकावले तर भार पुरता सरकलेला नाही, पुन्हा करा. जमले की डावी टाच पुढे नुसती टेकवा, जमीन घट्ट लागली तरच भार द्या. मग पाय बदला. श्वास रोखू नका. सावकाश करणे हेच यात अवघड!

चक्कर येत असेल किंवा गुडघा सुजला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला घरचे कोणीतरी शेजारी उभे असू द्या.