अर्ज मुलाचा, कागद घराचे

बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंत जे दोन-अडीच महिने जातात, त्या काळात पुष्कळ घरांत एक चमत्कारिक शांतता नांदत असते. मुलगा घरात असतो, पण दिसत नाही. ‘अर्ज भरलास का?’ या प्रश्नाला ‘बघू’ एवढेच उत्तर मिळते. वडील त्याला आळस म्हणतात, आई थकवा म्हणते, आणि आजी असल्यास ती मीठमोहऱ्या शोधू लागते. माझ्या घरी हा प्रयोग नुकताच होऊन गेला. त्या अनुभवाच्या आधारे दोन गोष्टी सांगाव्या असे वाटते. कारण त्यातील चूक माझी होती आणि ती इतरांनी करण्याचे कारण नाही.

आम्ही भोपाळला राहतो. मी सरकारी नोकर. इतरांनी भरलेले अर्ज तपासणे, त्यांतील त्रुटी काढणे आणि त्यावर शेरे मारणे यात माझी वीस वर्षे गेली. असा मनुष्य स्वतःच्या मुलाचा अर्ज पडून राहिलेला कसा पाहील? चिरंजीवांनी परीक्षा दोन दिल्या होत्या : एक महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसाठीची एमएचटी-सीईटी आणि दुसरी केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी. दोहोंचे निकाल बरे होते. पुढचे अर्ज मात्र जागचे हलत नव्हते. तेव्हा एका रात्री, घरातील मंडळी निजल्यावर, मी संगणकापुढे बसलो आणि महाराष्ट्राच्या केंद्रीभूत प्रवेशाचा पसंतिक्रम त्याच्या वतीने स्वतःच भरून टाकला. पहिल्या पंधरा जागा संगणक अभियांत्रिकीच्या. भाषा शुद्ध, कागद जोडलेले, एकही त्रुटी नाही. अखेरच्या पायरीवर यंत्राने सहा अंकांचा संकेतांक मागितला, आणि तो गेला होता मुलाच्या मोबाइलवर. मुलगा झोपलेला. अर्ज तिथेच थांबला.

तो थांबला हे किती बरे झाले, ते पुढे कळले. या प्रवेशपद्धतीत पहिल्या पसंतीची जागा वाट्याला आली की ती स्वीकारावीच लागते. न स्वीकारणारा पुढच्या फेऱ्यांतून बाद होतो. म्हणजे पसंतिक्रमातील पहिली ओळ ही नुसती इच्छा नसते, ती एक प्रकारची सही असते. दिल्ली विद्यापीठाच्या जागावाटपातही वाट्याला आलेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर उमेदवारी संपते. दुसऱ्याच्या हाताने अशी सही करणे हे आमच्या खात्यात ज्या नावाने ओळखले जाते, ते नाव मी येथे घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने ती यादी पाहिली. तो रागावला नाही. नुसते विचारले, ‘‘बाबा, या पहिल्या कॉलेजची फी बघितलीत का?’’ मी म्हटले, ‘‘ते तू माझ्यावर सोड.’’ त्यावर तो काही बोलला नाही. रात्री जेवणानंतर, भांडी आवरताना, त्याने आईजवळ चौकशी केली, की आजीच्या शस्त्रक्रियेला घेतलेले कर्ज फिटायला अजून किती वर्षे आहेत. तेव्हा आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. पोराने फी पाहिली होती, तिला चाराने गुणले होते, त्या कर्जाची बेरीज केली होती, आणि उत्तर कोणालाही न सांगता तो महिनाभर गप्प बसला होता. ज्याला मी आळस समजत होतो, तो हिशेब होता; आणि तो अपुऱ्या आकड्यांवर केलेला होता, कारण खरे आकडे मी घरात कधी उच्चारलेच नव्हते. मुलांपुढे पैशाची गोष्ट काढू नये, असा आमच्या घरचा जुना संस्कार. त्यामागील माया मला ठाऊक आहे. तथापि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला रिकामी जागा दिसली, की तो ती भीतीने भरून काढतो.

त्या रात्री मी पगाराची पावती, कर्जाचे हप्ते आणि शिल्लक यांचा कागद त्याच्यापुढे ठेवला. मग साहाय्याचे मार्ग कोणते, ते आम्ही दोघांनी मिळून पाहिले. ते येथे थोडे विस्ताराने सांगतो.

बहुतेक सरकारी साहाय्याच्या दारावर कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची पाटी असते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. तिची मर्यादा अडीच लाखांची आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने जी शिक्षणशुल्काची योजना आहे, तिची मर्यादा आठ लाख. तीत व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिकवणी-फी शासन देते. २०२४-२५ या वर्षापासून मुलींच्या बाबतीत ही फी पूर्ण माफ झाली. पुष्कळ पालकांना एवढे माहीत असते. त्याला जोडलेली अट मात्र माहीत नसते. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागा, अभिमत वा खासगी विद्यापीठांतील जागा यांना हे साहाय्य नाही. ‘आधी कुठेही प्रवेश घेऊ, मग सवलत बघू’ असे म्हणणाऱ्याची सवलत त्या ‘कुठेही’ या शब्दातच बुडते.

केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती दरसाल ८२,००० नव्या विद्यार्थ्यांना मिळते : पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख, आणि गुणांची अट ‘ऐंशी पर्सेंटाइल’. हा शब्द पाहून कित्येक मुले अर्जच करीत नाहीत, कारण ती त्याचा अर्थ ऐंशी टक्के असा घेतात. वस्तुतः आपल्या मंडळात आपल्याबरोबर बसलेल्या दर शंभरांतील ऐंशी जणांच्या पुढे असणे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या मंडळाचा निकाल बेताचा असतो, तेथे हे सत्तरीतील गुणांनाही साधू शकते. ही शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरण करून घ्यावी लागते; त्यासाठी पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी उत्साहाने मिळवलेली रक्कम दुसऱ्या वर्षी केवळ विसरल्यामुळे बंद पडते, हे मी पाहिले आहे.

आमच्यासारख्यांची अडचण निराळी. माझे उत्पन्न आठ लाखांच्या रेषेपलीकडे आहे, आणि खर्च काही रेषेला विचारून होत नाही. अशांसाठी उरते ते शैक्षणिक कर्ज. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी ही योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत — आरंभी त्या ८६० होत्या — गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास तारण अथवा जामीनदार न मागता कर्ज द्यावे, अशी ती योजना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, इतर कोणती व्याजसवलत वा सरकारी शिष्यवृत्ती नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात शिक्षणकाळात तीन टक्क्यांची सूट आहे. ती सूट आम्हाला नाही. कर्ज मात्र आहे. आणि कर्जाचा एक गुण शिष्यवृत्तीत सहसा नसतो : ते वसतिगृहाला आणि खाणावळीलाही चालते. सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणीची फी पुष्कळदा माफक असते. घर सोडून जाणाऱ्या मुलाला महाग पडते ते छप्पर आणि जेवण. मुलाने फीला चाराने गुणले होते, पण भाकरीला गुणलेच नव्हते. उलट काही संस्थांची फी त्याने आकारली त्याहून निम्मीच होती.

कर्ज म्हटल्यावर तो जरा कचरला. तेव्हा मला बडोद्याची आठवण झाली. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. साहाय्याला अट असणे यात कमीपणा नाही. अट वाचून मग सही करावी, एवढेच.

आता कागद. येथे मात्र मुलावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा आणि त्याच्या पडताळणीचा दाखला, हे सारे घराच्या इतिहासाचे कागद आहेत. सतरा वर्षांच्या मुलाने ते कोठून आणावे? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींना याचा विशेष जाच होतो. आमच्या मुलाची दहावी-बारावी भोपाळची. तरीही आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असले आणि तसा दाखला जवळ असला, तर महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या राज्याच्या जागांसाठी मुलाला अर्ज करता येतो. सीमाभागातील मराठी मुलांसाठीही वेगळी तरतूद आहे. वैद्यकीय शाखेत मात्र सामान्यतः दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. म्हणून एका शाखेचा नियम दुसरीला लावू नये. माझा अधिवासाचा दाखला गावच्या घरी ट्रंकेत होता. तो भावाने शोधून पाठवला, तोवर आठ दिवस गेले.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. इतरत्र नाव आधी आणि वडिलांचे नाव कित्येकदा गाळलेलेच. आधारपत्रावर तिसराच प्रकार. माणूस एकच असतो, पण यंत्राला ते तीन दिसतात. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. आणि बँकेने खात्याला आधार क्रमांक लावणे निराळे व अनुदानासाठी ते खाते राष्ट्रीय यादीत नोंदवणे निराळे. दुसरी गोष्ट झाली आहे की नाही, हे बँकेत जाऊन विचारावे. मंजूर झालेले पैसे येथेच अडकतात.

कागदांचा हा छळ आजचा नाही. महर्षी कर्वे १८७५ साली मुरुडहून साताऱ्यास शंभरावर मैल पायी गेले ते एका परीक्षेसाठी, आणि ‘हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही’ म्हणून त्यांना परत धाडण्यात आले. ही हकीकत मुलाला सांगितली तेव्हा तो हसला. त्या महिन्यातले ते पहिले हसणे.

याप्रमाणे आम्ही वाटणी केली. पैसा आणि कागद माझ्याकडे, निवड त्याच्याकडे. मुदतींचा तक्ता स्वयंपाकघरात, फडताळाच्या दारावर लावला. त्याची देखरेख मुलाच्या आईने आपणहून घेतली, आणि ती आम्हा दोघांपेक्षा कडक निघाली. निवडीबाबत मी फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही दिवसाला एक, असा करार ठरला. तो पाळणे मला जड गेले, हे कबूल करतो.

एका रविवारी आम्ही भीमबेटकाला गेलो. भोपाळपासून हे ठिकाण फार दूर नाही, आणि प्रागैतिहासिक चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहे. मी चित्रे पाहत होतो. चिरंजीव चित्रांखालचा दगड पाहत होते. वालुकाश्माचे थर कसे बसले, तो तिरपा का झाला, हे तो मला अर्धा तास सांगत राहिला. त्या दिवशीचा माझा प्रश्न होता, ‘‘हे शिकवतात कुठे?’’ तो म्हणाला, ‘‘दिल्लीला. सीयूईटीच्या गुणांवर. पण नुसत्या गुणांवर प्रवेश होत नाही, विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरावा लागतो.’’ मी विचारले, ‘‘मग?’’ तो म्हणाला, ‘‘तुमचा आजचा प्रश्न संपला.’’

त्या संध्याकाळी संगणकापुढे तो बसला आणि मी शेजारच्या खुर्चीवर. दिल्लीच्या यादीत त्याने भूगर्भशास्त्र पहिले लिहिले. महाराष्ट्राच्या यादीतून माझ्या पंधरा जागांपैकी अकरा काढल्या, चार ठेवल्या आणि त्यांच्या वर स्थापत्य अभियांत्रिकीची दोन शासकीय महाविद्यालये घातली. ती का, हे मी विचारले नाही. मग संकेतांक आला. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘‘अंक वाचून दाखवा, मी टाकतो.’’