पत्रीखालचे थर

माळवदाच्या घरात लाकूड सगळीकडे असतं. डोक्यावर तुळया, मध्ये खांब, ढाळजेला दाराची जाड चौकट. गंगापूरच्या जुन्या वस्तीतल्या अशा लाकडावर प्रत्येक लग्नात, प्रत्येक मोठ्या दिवाळीत तैलरंगाचा आणखी एक हात चढत आला. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. वर कडक झालेल्या रंगाला तसं हलता येत नाही, मग तो तडकतो आणि पोपडे सुटतात.

अशाच एका चौकटीचं काम मी जवळ बसून पाहिलं. रंगारीमामांनी आधी पत्रीच्या कोपऱ्यानं नखाएवढी जागा उकरली. वर चॉकलेटी, खाली आकाशी, मग हिरवा, पिवळा आणि लाकडालगत शेंदरी प्रायमर. “आता कोरडं काही घासायचं नाही,” ते म्हणाले.

कारण शिसं. शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड, आणि जुन्या पिवळ्या-हिरव्या तैलरंगांत लेड क्रोमेट वापरलं जाई. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 हून जास्त शिसं नको, हा आपल्याकडचा नियम 2016 सालचा. लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या थरांत शिसं आहे असं धरूनच हात घालावा, कारण नुसत्या डोळ्यांना ते ओळखू येत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा घाला पडतो आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही.

मामांनी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिक अंथरलं, कडा चिकटपट्टीनं दाबल्या. घरातली पोरं मागच्या आळीत धाडली. तोंडाला दस्ती बांधून भागत नाही. बारीक धूळ कापडातून आरपार जाते. त्यांनी घट्ट बसणारा एन-95 मास्क लावला. मग फवारणीच्या बाटलीनं हातभर भाग भिजवायचा, थोडं थांबायचं, धारदार पत्री आडवी धरून रेषेच्या दिशेनं ओढायची. ओला पोपडा उडत नाही, लोळी होऊन खाली पडतो. सुकायला लागलं की पुन्हा फवारा. जिथं रंग घट्ट होता तिथं त्यांनी तो तसाच ठेवला, फक्त कडा वॉटर पेपरनं, ओल्यानंच, मोडल्या. मला हे फार पटलं. सगळं लाकूड उघडं करण्याचा हट्ट धुळीलाच आमंत्रण देतो.

ग्राइंडरला चकती लावून हीच चौकट अर्ध्या दिवसात होते, आणि धूळ अख्ख्या घरात बसते. ब्लो लॅम्पच्या ज्योतीनं शिशाची वाफ होते. हीट गन चालते, पण सुमारे 590 अंश सेल्सिअसच्या खाली आणि ओल्या लाकडापासून दूर. कॉस्टिक सोड्यानं रंग सुटतो खरा, मात्र सागवान काळं पडतं. आणि हे काम चौरस फुटाच्या दरानं देऊ नये. दर तसा ठरला की माणूस ग्राइंडरच उचलणार. रोजानं द्यावं.

वेळही निवडावी लागते. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, पापड वाळत असतात, वाराही सुटतो. हे काम माघातलं.

मधल्या सुट्टीत मामांनी आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मगच तंबाखूची पुडी काढली. शिसं पोटात जातं ते बहुतेक असंच, हातावरून तोंडात. संध्याकाळी झाडू नाही. ओल्या फडक्यानं फरशी दोनदा पुसली, प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडत गुंडाळलं आणि पोत्यात बांधलं. कामाचे कपडे वेगळे धुवायला ठेवले.

चौकटीची एक कुजकी पट्टी निघाली होती. घरातल्या आजींनी ती बंबात घालायला मागितली. मामांनी दिली नाही. “आजी, याच्या धुरात शिसं, राखेतही शिसं, आणि त्याच राखेनं तुम्ही भांडी घासणार.” पट्टीही पोत्यात गेली.